साडेआठच्या पाच खिडक्या

सारमानसच्या धक्क्यावर, पत्र्याच्या ऑफिसात,
मी बटण दाबतो आणि चहा आणायला जातो.
परत येईतो पाच खिडक्या आपापल्या जागी बसलेल्या:
खाण, ट्रक, वजनकाटा, बिलं,
आणि खाली उजवीकडे आमची बार्ज, सेंट रिटा.
पाच मिळून पडदा पुरता झाकतात.

स्क्रिप्ट लिहिली तेव्हा सहाशे ट्रक यायचे दिवसाला.
फोनवर पात्रांव ओरडायचे, "लाडू, आकडो सांग!"
रिसिव्हर खांद्यात धरून मी खिडक्या उपसायचो,
एकीच्या पाठी दुसरी, दुसरीच्या पाठी तिसरी,
हवी ती सगळ्यात खाली.
मग एका रविवारी, बायको शिरगावच्या जत्रेला गेलेली,
चाळीस ओळी लिहून काढल्या.

नाटकाला खुर्च्या मांडणाऱ्या माणसासारख्या ओळी.
उघड्या असलेल्या प्रत्येकीला विचारायचं,
बाई, तुमचा पत्ता?
जुळला तर हाताला धरून जागेवर न्यायचं:
डावीकडून शून्य, वरून शून्य,
रुंदी सहाशे चाळीस, उंची चारशे.
नाही जुळला तर तिला तिथंच सोडून पुढे.
एखादी भलतीच निघायची,
काट्यावरच्या पुरसोनं क्रिकेटचा स्कोअर लावलेला असायचा.
तिला बंद करायची ओळ मला येत होती.
लिहिली नाही.

आणि मधे पाच ठिकाणी तीच ओळ:
थांब, चारशे मिलिसेकंद.
कारण यंत्र म्हातारं, हुकूम दिल्याबरोबर उघडत नाही,
आणि न उघडलेली खिडकी हलवायला गेलं
की सगळं तिथंच आपटतं.
पुस्तकात ही ओळ नव्हती. आपटून आपटून शिकलो.

मग खाण बंद झाली.
हे स्क्रिप्टला कुणी कळवलं नाही.
फोल्डर रिकामं असेल तर उघडू नको,
एवढी एक अट घालता आली असती,
पण रिकामी तशी एकही नव्हती,
प्रत्येकीत एका गुरुवारपर्यंतचं सगळं होतं.
ट्रक लोकांच्या अंगणात उभे राहिले,
एकाच्या हौद्यात मिरची लावलेली मी पाहिली.
आणि इथं रोज पाच जणी, इस्त्री केल्यासारख्या.

पणजीहून ऑडिटला तन्मयी दुकळे आली.
आपोआप खिडक्या उघडताना बघून दचकली.
"व्हायरस काय हो?"
म्हटलं, नाही, ड्यूटीवर आहेत.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

परवा इनासियो आला, सेंट रिटाचा तांडेल.
शेवटच्या फेरीचे टन बघायला.
खाली उजवीकडे, दोन टिचक्या, सापडलं.
आकडा त्यानं बघितला न बघितला,
बोट ठेवलं खिडकीच्या माथ्यावर.
"सेंट न्हय रे, सांता. सांता रीटा.
पंदरा वर्सां सांगतां तुका."
त्याच्यासमोर मी नाव बदललं.
तो अक्षर अक्षर वाचून गेला.
पैशांचं विचारलंच नाही त्यानं,
किंवा विचारलं असेल, पंख्याच्या आवाजात.

आज सकाळी चहा घेऊन आलो तर चारच खिडक्या.
स्क्रिप्ट जुन्या नावानं हाका मारून थकलेली,
पाटी दाखवत होती: सापडत नाही.
आणि खाली उजवीकडे, पंधरा वर्षांत पहिल्यांदा,
पडद्यामागचा फोटो दिसत होता,
कंपनीनं कधी लावून दिलेला, मी विसरलेलो:
मांडवीत भरलेली बार्ज,
इतकी भरलेली की काठ आणि पाणी
यांच्यात वीतभरच अंतर.
केबिनच्या दारात कुणीतरी उभं आहे,
तोंड ओळखू येत नाही.

चहा निवेपर्यंत बघत बसलो.
मग एकतिसावी ओळ उघडली,
सेंट खोडलं, सांता लिहिलं, ऱ्हस्व रि दीर्घ केली,
आणि पुन्हा चालवली.

चारशे मिलिसेकंद.
फोटो झाकला गेला.